पाणी न धरणारी टेकडी : आयडाहोच्या लाव्हाभूमीतील तीन दिवस

पहिला दिवस

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी सकाळी मी आणि काका अमेरिकेतील आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरातून निघालो. काकांनी माणदेशात चाळीस वर्षे विहिरी खोदण्याची कामे घेतली. काळा पाषाण कुठे फुटेल, मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा खडक, कुठे लागेल आणि मुरुमात बांधकाम किती खाली न्यावे लागेल, हे त्यांना पहारेच्या आवाजावरून कळते. दीड महिन्यासाठी ते माझ्याकडे आयडाहोत आले तेव्हा त्यांना शहरे दाखवण्याचा माझा बेत होता. पण माझ्या खोलीत भिंतीवर लावलेल्या एका छायाचित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “हा दगड आपलाच दिसतोय गं. पण एवढा कोवळा कसा?” ते छायाचित्र ‘क्रेटर्स ऑफ द मून’ या संरक्षित प्रदेशाचे होते आणि त्यातली काळी, गुळगुळीत उताराची टेकडी म्हणजे इन्फर्नो कोन. दुसऱ्याच दिवशी मी तंबू आणि झोपायच्या पिशव्या बाहेर काढल्या.

बॉयसीपासून हे अंतर सुमारे 270 किलोमीटर आहे. माउंटन होम गावापाशी महामार्ग सोडून फेअरफिल्ड आणि केरी या लहान गावांवरून रस्ता पूर्वेकडे जातो. हा सगळा मुलूख इथल्या भाषेत ‘हाय डेझर्ट’, म्हणजे उंचावरचे वाळवंट. वाळूच्या टेकड्या त्यात जवळपास नाहीत. करड्या-हिरव्या सेजब्रशच्या झुडपांनी भरलेले हे उघडे पठार हिवाळ्यात बर्फाखाली जाते आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे पडते. केरी मागे पडल्यावर थोड्याच वेळात झुडपांमधून काळे खडक डोके काढू लागले, आणि मग रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला लाव्हा दिसला. नांगरलेले काळे रान एका रात्रीत थिजावे तसा तो पसरलेला होता. काकांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरून एका खडकावर तळहात ठेवला आणि काही न बोलता परत येऊन बसले.

माहिती केंद्राची उंची सुमारे 1800 मीटर आहे. तिथल्या नकाशासमोर आम्ही तासभर घालवला, कारण काकांना आधी जमिनीची रचना समजून घ्यायची होती. 1924 साली, 2 मे रोजी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केला. येथील मुख्य लाव्हाक्षेत्र सुमारे 1600 चौरस किलोमीटर पसरलेले आहे, आणि ते एखाद्या एकट्या उंच ज्वालामुखीतून आलेले नाही. जमिनीला 80 किलोमीटरहून अधिक लांबीची एक भेग पडलेली आहे; तिला ‘ग्रेट रिफ्ट’ म्हणतात. या भेगेवर सुमारे 15,000 वर्षांपूर्वीपासून सुमारे 2,100 वर्षांपूर्वीपर्यंत आठ वेळा उद्रेकांचे सत्र झाले. शिवण उसवावी तशी जमीन कधी इथे तर कधी तिथे उसवत गेली, आणि प्रत्येक ठिकाणी लाव्हा वाहिला किंवा उसळला. आपल्या दख्खनच्या पठाराचे थरही मोठ्या प्रमाणावर अशाच भेगांमधून आलेल्या लाव्ह्याचे आहेत, परंतु ती गोष्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची आहे. इथला शेवटचा लाव्हा निवत होता त्या सुमारास आपल्याकडे सातवाहनांच्या काळात त्याच जातीच्या पाषाणात लेणी कोरण्याचे काम सुरू झालेले होते. हे मी काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आपला दगड म्हातारा, आणि हा त्याचा नातू.”

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र लाव्ह्याचा नव्हता. पाऊस किती पडतो, असे त्यांनी विचारले. फलकावर पाहून मी सांगितले की पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला 380 ते 500 मिलिमीटरच्या आसपास. “म्हणजे आमच्या माणाएवढाच की. मग एवढ्या बर्फाचं पाणी जातं कुठं? येताना एक ओढा दिसला नाही.” या प्रश्नाने पुढचे दोन दिवस आम्हाला सोडले नाही, आणि आता मागे वळून पाहताना आमच्या सहलीची वाट त्यानेच आखली असे मला वाटते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही इन्फर्नो कोनच्या पायथ्याशी गेलो. चढ तसा काहीच नाही. एका बाजूने जेमतेम 300 मीटरची वाट आणि सुमारे 50 मीटरची उंची. परंतु दुपारनंतर या पठारावर जो वारा सुटतो त्याचा अंदाज मला नव्हता. अर्ध्या वाटेवर बारीक काळे खडे पोटऱ्यांवर आणि तोंडावर बसू लागले. काकांनी टोपी हातात घेतली, पाठ वाऱ्याकडे केली आणि थांबले. “वाऱ्याशी भांडून चढायचं नसतं. पहाटे येऊ.” सत्तरीच्या माणसाला एवढासा चढ अर्धवट सोडावा लागला याचे मला वाईट वाटले. त्यांना स्वतःला तसे वाटलेले दिसले नाही.

रात्रीचा मुक्काम लाव्ह्याच्या प्रवाहातच वसवलेल्या तळावर होता. जमीन खड्यांची असल्यामुळे तंबूच्या खुंट्या धरेनात. शेवटी प्रत्येक दोरीला एक-एक दगड बांधला. इथे लाकूड जाळायला बंदी आहे, कारण या भागात एकेका झाडाला वाढायला फार वर्षे लागतात. छोट्या गॅस शेगडीवर भात केला. दिवस मावळेपर्यंत साडेनऊ वाजत आले आणि त्यानंतर थंडी इतक्या वेगाने उतरली की काकांनी शालीवर माझे जाकीट चढवले. 2017 पासून हा प्रदेश आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून ओळखला जातो. खाली जमीन संपूर्ण काळी, प्रकाशाचा एक ठिपका नाही, आणि वर आकाशगंगेचा पट्टा एवढा ठळक की तो ढग आहे असे मला आधी वाटले.

दुसरा दिवस

पहाटे पाचला उठलो. वारा पूर्ण पडला होता. टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा पूर्वेला उजाडत होते आणि गाड्यांच्या मोकळ्या जागेत आमच्याशिवाय कोणी नव्हते.

इन्फर्नो कोन ही ‘सिंडर कोन’ या प्रकारची टेकडी आहे. वायूने फुगलेला लाव्हा भेगेतून कारंज्यासारखा उसळतो, हवेत त्याचे तुकडे होतात, ते खाली पडेपर्यंत निवून टणक होतात आणि तोंडाभोवती त्यांचा ढीग साचतो. या प्रदेशात अशी कारंजी 450 मीटरपर्यंत उसळली असावीत, असे मानले जाते. वायू निसटताना मागे राहिलेल्या पोकळ्यांमुळे प्रत्येक खडा पावासारखा सच्छिद्र असतो. काकांनी एक मूठभर खडे उचलून हातात तोलले. “मांजऱ्याच आहे. पण आपल्या मांजऱ्याच्या भोकांत पांढरं भरलेलं असतं, हा रिकामा आहे.” हे निरीक्षण अगदी नेमके होते. दख्खनच्या जुन्या खडकातील पोकळ्यांमध्ये कोट्यवधी वर्षांत पाण्याने आणलेली झिओलाइटसारखी खनिजे साचली आहेत. इथे तेवढा काळ अजून लोटलेला नाही. काकांनी खडे होते तिथेच परत टाकले, कारण इथून एक खडासुद्धा बाहेर नेण्यास मनाई आहे हे मी त्यांना आदल्या दिवशी सांगितले होते.

चालायला लागल्यावर पायाखालून येणारा आवाज मला फार आवडला. काचेच्या बांगड्यांचा चुरा पायाखाली यावा तसा तो किणकिणता होता, आणि त्या शांततेत आमच्या दोघांच्या पावलांचे आवाज वेगवेगळे ऐकू येत होते. मळलेल्या वाटेवर खडे घट्ट बसलेले आहेत, तरीही चढ तीव्र असल्यामुळे आणि उंचीवरच्या विरळ हवेमुळे दर शंभर पावलांनी थांबावे लागत होते. एका थांब्याला काका उताराकडे तिरक्या नजरेने पाहत म्हणाले की यारीने विहिरीबाहेर काढलेला डबर काठावर ओतत गेले की ढिगाला जो उतार येतो, तोच हा आहे. त्याहून उभा ढीग राहत नाही, घसरतो. खरोखर, सिंडर कोनचा उतार साधारण 30 अंशांच्या आसपास असतो, कारण सुटे खडे त्यापेक्षा फार तीव्र कोनात टिकत नाहीत. ज्वालामुखीचा आकार इतक्या सोप्या शब्दांत मला आजवर कोणी समजावून सांगितलेला नव्हता.

वाटेच्या दोन्ही बाजूंनी मी आदल्या दिवशी न पाहिलेली एक गोष्ट पहाटेच्या तिरप्या उजेडात दिसली. काळ्या उतारावर पांढरट रंगाची, बशीएवढी झुडुपे एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर उभी होती, जणू कोणी दोरी धरून रोपे लावावीत. ही ‘ड्वार्फ बकव्हीट’ नावाची वनस्पती. वर तिची उंची चार बोटे, पण तिची मुळे सभोवार मीटरभर पसरतात, आणि त्या घेरातली ओल दुसऱ्या रोपाला मिळत नाही. तिच्या पानांवर दाट पांढरी लव असते, त्यामुळे ऊन परतवले जाते आणि पानांतून बाष्प कमी निघून जाते. अशा उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग भर उन्हाळ्यात 65 अंश सेल्सियसच्या वर तापू शकतो. तिथे ही रोपे जगतात, एवढेच नव्हे तर त्या दिवशी त्यांतल्या काहींना फुले होती. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत ‘मंकीफ्लॉवर’ची गडद गुलाबी-जांभळी, नखाएवढी फुले होती. ती बर्फ वितळल्यावर उगवतात, उरलेल्या ओलीवर फुलतात, बी टाकतात आणि उन्हाळा भरात येण्याआधी संपतात.

काका त्या रोपांमधले अंतर पावलांनी मोजू लागले तेव्हा मी त्यांना वाटेवरच थांबायला सांगितले. वाटेबाहेर टाकलेले एक पाऊल या सैल उतारावर वर्षानुवर्षे दिसत राहते. ते लगेच मागे आले. “मोजायची गरजच नाही. जिथं पाणी कमी, तिथं विहिरीसुद्धा अशाच लांब लांब घ्याव्या लागतात. जवळ घेतल्या की दोन्ही आटतात.”

माथ्यावर पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. समुद्रसपाटीपासून ही जागा 1884 मीटरवर आहे. माथा टोकदार नसून ऐसपैस, बोडका आहे, आणि त्यावर वाऱ्याने पिळवटलेले एक लिंबर पाइनचे झाड आहे. या झाडाच्या फांद्या इतक्या लवचीक असतात की वारा आणि बर्फ दोन्ही त्यांना सहज मोडू शकत नाहीत. झाड इथपर्यंत आले ते बहुधा क्लार्क्स नटक्रॅकर या करड्या पक्ष्यामुळे. तो पाइनच्या बिया हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो आणि ज्या खायच्या राहून जातात त्यांतल्या काही रुजतात.

तिथून ग्रेट रिफ्टची रेघ प्रथमच डोळ्यांना समजली. आग्नेय दिशेकडे एकामागे एक शंकू उभे होते, दूर जाताना निळसर होत गेलेले. त्यांतला बिग सिंडर ब्यूट तर दोनशे मीटरहून उंच आहे. पूर्वेला सपाटीवर बिग साउदर्न ब्यूटचा एकाकी डोंगर. तो या काळ्या लाव्ह्याहून वेगळ्या, घट्ट आणि फिकट लाव्ह्याचा घुमट असून त्याचे वय सुमारे तीन लाख वर्षे आहे. उत्तरेला पायोनियर पर्वतरांगेवर अजून बर्फाचे पट्टे होते. नकाशावर भेग म्हणून काढलेली लाल रेषा आणि समोरची ही डोंगरांची रांग एकच आहे, हे ध्यानात आले तेव्हा मी काकांकडे पाहिले. ते मात्र उत्तरेकडच्या बर्फाकडे पाहत होते. ते बर्फ वितळले की पाणी या सपाटीकडे येणार, आणि सपाटीवर एकही नदी वाहताना दिसत नाही, हे त्यांना खटकत होते.

मी त्यांना मला ठाऊक होते ते सांगितले. तिकडच्या डोंगरांतून येणारी बिग लॉस्ट नदी आर्को गावाजवळून वाहत सपाटीवर येते आणि तिथेच लाव्ह्याच्या खडकांत मुरून नाहीशी होते. तिच्या नावातला ‘लॉस्ट’ हा शब्द त्यावरूनच आला. आमच्या पायाखालची टेकडीही तेच करते. तिच्यावर पडलेले पाणी उतारावरून वाहत नाही, त्यामुळे तिच्यावर ओघळही फारसे पडत नाहीत; ते चाळणीतून जावे तसे सरळ आत जाते. आम्ही दोघे तासभर माथ्यावर बसलो होतो. तेवढ्यात होल्यांची एक जोडी आमच्या खालून, शंकूच्या कडेने दक्षिणेकडे गेली. 1920 साली रॉबर्ट लिंबर्ट नावाचे साहसी प्रवासी एका सोबत्याला आणि एका कुत्र्याला घेऊन या लाव्हाभूमीत पायी हिंडले होते. धारदार खडकांनी कुत्र्याचे पंजे इतके सोलवटले की त्याला उचलून घ्यावे लागले. या प्रदेशात पाण्याचे खड्डे शोधण्यासाठी त्यांनी होल्यांच्या उडण्याची दिशा पाहिली होती. 1924 च्या मार्च महिन्यात ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये त्यांचा लेख आला आणि मे महिन्यात हे स्मारक घोषित झाले. काकांना यात नवल वाटले नाही. उजाड माळावर पारवे एका जागी खाली उतरताना दिसले की तिथे जुनी विहीर असते, हे त्यांनी लहानपणीच शिकले होते.

खाली उतरल्यावर समोरच्याच बाजूला असलेले स्पॅटर कोन पाहिले. हे उद्रेकाच्या अगदी शेवटी, जोर ओसरल्यावर, घट्ट लाव्ह्याचे गोळे एकमेकांवर थापले जाऊन तयार झालेले लहान सुळके आहेत. त्यांतल्या ‘स्नो कोन’च्या तोंडातून आत डोकावलो तर तळाशी मळकट बर्फ. बाहेर खडक चटका देऊ लागले होते आणि आठ-दहा मीटर खाली हिवाळा शिल्लक होता. सच्छिद्र खडक उष्णता आत जाऊ देत नाही आणि खोलगट जागेत उतरलेली थंड, जड हवा बाहेर पडत नाही, म्हणून हे बर्फ इतके टिकते. काका कठड्यावर कोपरे टेकवून पुष्कळ वेळ आत पाहत राहिले.

दुपारी उन्हातून सुटण्यासाठी इंडियन टनेल या लाव्हागुहेत गेलो. गुहांसाठी माहिती केंद्रातून विनामूल्य परवाना घ्यावा लागतो. पूर्वी दुसऱ्या गुहेत वापरलेले कपडे किंवा बूट आहेत का, हे तिथे विचारतात, कारण त्यांवरून वटवाघळांना मारक ठरणारी बुरशी पसरू शकते. वाहत्या लाव्ह्याची वरची साय निवून छप्पर होते आणि आतला प्रवाह निघून गेला की बोगदा उरतो. या बोगद्याचे छत काही ठिकाणी कोसळलेले असल्यामुळे आत उजेड येतो. तोंडाजवळ शोशोनी या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी रचलेली दगडांची वर्तुळे आहेत. आतल्या गारव्यात बसून काकांनी भिंतीवरून हात फिरवला तेव्हा बोटांना ओल लागली. “बघ, इथवर आलंय. अजून खाली जाणार.”

तिसरा दिवस

निघण्याआधी पहाटे पुन्हा एकदा टेकडीवर जाऊन आलो. या वेळी काका माझ्या पुढे होते आणि एकदाच थांबले. त्या चढाबद्दल वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. फक्त आदल्या दिवशी मिटलेल्या काही बकव्हीटच्या कळ्या उमललेल्या होत्या.

परतताना मी नेहमीचा रस्ता सोडला आणि केरीवरून दक्षिणेला शोशोनी गावाकडे वळले. काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिशेला, दोनेक तासांच्या अंतरावर आहे. लाव्ह्याच्या थरांमध्ये मुरलेले पाणी या पठाराच्या पोटातून नैर्ऋत्येकडे सरकत जाते आणि स्नेक नदीने पठार कापून जो खोल घळ केला आहे त्याच्या उत्तरेकडील भिंतीतून बाहेर पडते. हॅगरमनच्या परिसरातील ‘थाउझंड स्प्रिंग्ज’ हे झरे त्याचेच. त्यांतले बरेच आता वीजनिर्मितीसाठी आणि मत्स्यपालनासाठी वळवलेले आहेत, त्यामुळे त्यांचे मूळ रूप सगळीकडे पाहायला मिळत नाही. आम्ही वेंडेल गावाच्या दक्षिणेला असलेल्या नायगारा स्प्रिंग्जपाशी गेलो. अरुंद, तीव्र उताराचा रस्ता घळीत उतरतो. वर पाचोळासुद्धा कोरडा, आणि खाली काळ्या खडकाच्या भिंतीतून निळसर-पांढरे पाणी सेकंदाला सुमारे 7,000 लिटर या वेगाने कोसळत होते. आवाज इतका की शेजारी उभे राहून मोठ्याने बोलावे लागत होते.

काका पाण्याकडे न पाहता आधी भिंतीकडे पाहत होते. मग त्यांनी बोट दाखवले. “वरचा थर घट्ट, खालचा घट्ट. पाणी दोन्हींच्या सांध्यातनं येतंय.” या पठाराखालचे पाणी मुख्यतः एका प्रवाहाचा खडबडीत माथा आणि त्यावर आलेला पुढचा प्रवाह यांच्यामधल्या सच्छिद्र पट्ट्यांतूनच वाहते, आणि माणदेशात चाळीस वर्षे त्यांनी नेमका तोच पट्टा शोधला होता. तिथे तो लागला तर बोटभर धार मिळायची.

वर्षभर हे पाणी साधारण 15 अंश सेल्सियसच्या आसपास राहते. काकांनी बाही वर सारली, काठावर बसून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि घळीच्या वरच्या कडेकडे नजर लावून, पठार इथून किती हात उंच असेल, याचा हिशेब करत बसले.